करडईचं तेल ओतू नका, घाण्यावरची नळी बघा

पत्र

ताई, नमस्कार. आमचं गाव औसा तालुक्यात. दरसाली करडई पेरतो, वाण परभणी कुसुम. काट्यात हात घालून काढलेली करडई, त्यामुळं तिच्या तेलाची माया वेगळीच. मार्चमध्ये दीड क्विंटल करडई लातूरला लाकडी घाण्यावर नेली, चाळीसेक लिटर तेल निघालं. घाणेवाल्यानं प्लास्टिकच्या नळीनं भरून दिलं. एक पांढरा कॅन बाजारातून नवा आणला होता आणि दुसरा आपला घरातलाच, पाण्याचा जुना निळसर जार. दोन्ही मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेत.

सुनबाईला पाचवा महिना चालू आहे. तिनं मोबाइलवर बघितलं की प्लास्टिकमधली रसायनं तेलात उतरतात, तैवानमध्ये त्यावरनं लई गोंधळ झाला, पोटातल्या बाळाला अपाय होतो. तेव्हापासून ती घरच्या तेलाला हात लावत नाही. पाकिटातलं रिफाइंड आणलंय, तिची कढई वेगळी. एका गॅसवर दोन कढया बघून जीव तुटतो. मुलगा म्हणतो, सगळं ओतून टाक. एवढं तेल ओतायचं माझ्या जिवावर येतंय. परवा जारचं झाकण उघडलं तर वासही निराळा आला. तो प्लास्टिकचा का? तेल कुठं तपासून मिळतं का? आणि पाकिटातलं तेल तरी प्लास्टिकमध्येच असतंय की!

एक सासूबाई, औसा

उत्तर

मावशी, तेल ओतू नका. पांढऱ्या कॅनमधलं तर मुळीच नको. जारमधलं मात्र खाण्यातून बाजूला काढा, का ते पुढं सांगते. आणि सुनबाई उगाच घाबरली असंही मनात आणू नका. तिची शंका रास्त आहे. फक्त तिनं बोट तेलावर ठेवलं आणि तुम्ही ते मनाला लावून घेतलं. खरं बोट ठेवायला हवं ते घाण्यावरच्या त्या नळीवर, जिचा उल्लेख तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेलाय.

ती नळी कशी असते ते तुम्ही बघितलंच असेल. पारदर्शक, मऊ, वेटोळं करून खिळ्याला अडकवलेली. ही बहुतेक पीव्हीसीची असते. पीव्हीसी मुळात कडक प्लास्टिक, आपल्या बोअरच्या पाइपसारखं. त्याला वाकेल असं मऊ करायचं तर त्यात तेलकट रसायन घालावं लागतं, त्या रसायनांना थॅलेट म्हणतात. मऊ पीव्हीसीच्या वजनात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त हे थॅलेटच असू शकतं. आणि ते प्लास्टिकशी जोडलं गेलेलं नसतं. वातीत तेल मुरलेलं असतं पण वात वेगळी आणि तेल वेगळं, तसंच. नळीतून पाणी गेलं तर फारसं काही उतरत नाही, कारण थॅलेटला पाण्याची ओढ नाही. पण तेल म्हणजे त्याचं गोतच. तेल दिसलं की ते नळी सोडून तेलात जातं.

याचा पुरावा डोळ्यांनी बघता येतो. पुढच्या खेपेला घाण्यावर गेलात की नळी हातात घेऊन वाकवून बघा. नवी असताना बोटाभोवती गुंडाळता येत होती ती नळी वर्षभरात पिवळट आणि ताठ होते, वाकवली की कडकड करते. तिच्यातला मऊपणा गेला कुठं? बराचसा गिऱ्हाइकांच्या कॅनमध्ये गेला. म्हणून घाणेवाला म्हणाला, “मावशी, नळी नवीच बसवलीय,” तर त्यावर समाधान मानू नका. जुनीनं बरंचसं देऊन टाकलेलं असतं, नवीकडे सगळं शिल्लक असतं. रात्रभर नळीत तेल उभं राहतं आणि सकाळी पहिलं गिऱ्हाईक ते घरी घेऊन जातं, हा आणखी एक प्रकार.

यात घाणेवाल्याला मी खलनायक करत नाहीये. बिचारा हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती नळी आणतो. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. युरोपात डीईएचपी नावाचं सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं थॅलेट घातलेलं प्लास्टिक तेलकट पदार्थाला लावायची परवानगीच नाही. आपल्याकडे खाद्यपदार्थांच्या पॅकिंगचे नियम 2018 मध्ये नव्यानं आले, त्यात प्लास्टिकमधून अन्नात एकूण किती उतरलेलं चालेल याची मर्यादा किलोला 60 मिलिग्रॅम अशी आहे. पण ती पॅकिंगच्या मालाची गोष्ट झाली. घाण्यावरची नळी वाकवून बघायला कोण येतंय?

आता सुनबाईच्या भीतीकडे येऊ. थॅलेटचा धोका खरा आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत काही थॅलेटमुळे गर्भातल्या नर पिलांमधलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नरपणा घडवणारं संप्रेरक, कमी होतं हे पक्कं दिसलंय. माणसांच्या अभ्यासांत संबंध दिसतात, तिथं चित्र इतकं स्वच्छ नाही. या गर्भावरच्या परिणामालाच धरून युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2019 मध्ये चार थॅलेट मिळून एक मर्यादा ठरवली. शरीराच्या दर किलो वजनाला दिवसाला 50 मायक्रोग्रॅम, आणि ते आयुष्यभर रोज पोटात गेलं तरी चालेल अशा हिशेबानं.

हा हिशेब तुमच्या स्वयंपाकघरात मांडून बघू. सुनबाईचं वजन 50 किलो धरा. म्हणजे तिची दिवसाची मर्यादा झाली 2500 मायक्रोग्रॅम, म्हणजेच अडीच मिलिग्रॅम. दिवसाला तिच्या पोटात 25 ग्रॅम तेल जातं असं धरलं, तर नुसत्या तेलातून ही मर्यादा गाठायला एका किलो तेलात 100 मिलिग्रॅम थॅलेट असावं लागेल. तेलांच्या तपासण्यांत सहसा जे आकडे येतात ते किलोला काही थोडे मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी असतात. तेव्हा नळीतून एकदा भरलेलं तेल दोन-तीन महिने खाल्लं म्हणून बाळाला काही झालं असेल, ही भीती तिच्या मनातून काढून टाका. एवढं मात्र खरं की तेल हा थॅलेट पोटात जायचा एकच रस्ता नाही. मऊ प्लास्टिकच्या वस्तू, जमिनीवर अंथरायचं विनाइल, सुगंधी क्रीम-पावडरी, असे बारीकसारीक रस्ते मिळून बेरीज होते. म्हणून जो रस्ता सहज बंद करता येतो तो करावा.

आणि एक दिलासा देते, जो त्या व्हिडिओत बहुधा नसेल. थॅलेट शरीरात वर्षानुवर्षं साठून राहत नाहीत. यकृत त्यांचे तुकडे करतं आणि एक-दोन दिवसांत बहुतेक सगळं लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणजे आज येणं थांबवलं की आठवडाभरात फरक पडलेला असतो. त्यासाठी औषध लागत नाही, काढा लागत नाही, ‘डिटॉक्स’ म्हणून विकतात ते काहीच लागत नाही.

तैवानचं म्हणाल तर ते प्रकरण खरं, पण वेगळं. 2011 मध्ये तिथं सरबतं-पेयं दाटसर दिसावीत म्हणून घालतात त्या मिश्रणात पाम तेलाच्या जागी स्वस्त म्हणून डीईएचपी घालत असल्याचं उघडकीला आलं. ती जाणूनबुजून केलेली भेसळ होती. तिथल्या मात्रा आणि तुमच्या कॅनमधल्या मात्रा यांची तुलनाच नको. मोबाइलवर मात्र दोन्ही एकाच दमात सांगतात आणि वर भीतीदायक संगीत लावतात.

बरं, तुमचे दोन कॅन. पांढऱ्या कॅनचं बूड उलटं करून बघा, त्रिकोणात 2 आकडा असेल तर ते एचडीपीई. हे प्लास्टिक मऊ करायला थॅलेट घालावं लागत नाही. तेलाच्या पारदर्शक बाटल्यांचं प्लास्टिक, 1 आकड्याचं, त्यालाही लागत नाही. कोरा पांढरा किंवा दुधाळ कॅन, तोंडाशी नाक धरून वास घेतला तर तेलाखेरीज दुसरा येत नाही, असा असेल तर त्यातलं तेल खुशाल खा. बाजारात काळे, गडद निळे, रंगीत कॅन स्वस्तात मिळतात, ते पुष्कळदा भंगारातलं प्लास्टिक वितळवून केलेले असतात. आधी त्यात काय होतं हे देवालाच ठाऊक. ते वापरायच्या पाण्याला घ्या, तेलाला नको. कीटकनाशकाचा किंवा रंगाचा कॅन कितीही धुतला तरी घरातल्या कुठल्याच खाण्यापिण्याला लावू नये, हे तुम्हाला सांगायची गरज नसावी, पण वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहून ठेवते.

आता जार. निळसर, काचेसारखा टणक पाण्याचा जार बहुधा पॉलिकार्बोनेटचा असतो, खाली 7 आकडा. यात थॅलेट नसतं, पण बिस्फेनॉल-ए असतं, बीपीए म्हणतात ते. याच्याबद्दल शास्त्रज्ञांचंही एकमत नाही. युरोपच्या प्राधिकरणानं 2023 मध्ये बीपीएची रोजची मर्यादा एकदम 20 हजार पटींनी खाली आणली, आणि जर्मनीच्या अशाच सरकारी संस्थेनं ते मान्य केलं नाही, तिचा आकडा त्याच्या हजारपट सैल आहे. एवढे मोठे लोक भांडत असताना तुम्ही-आम्ही काय करायचं? माझं मत सांगते. जार जुना, आतून घासून चरे पडलेला, त्यात तेल, ते उन्हाळाभर पत्र्याखाली. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा 40 च्या वर असतो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. उष्णता वाढली की प्लास्टिकमधून उतरणं वाढतं, मग ते कुठलंही रसायन असो. हे तेल गर्भारणीच्या ताटात वाढायचं काही कारण नाही. देवापुढच्या दिव्याला, खुरप्या-विळ्यांना गंज चढू नये म्हणून लावायला वापरा. वीस लिटर दिव्याला फार होतं हे मला कळतं. पण ते नाहीतरी खाण्याजोगं राहिलेलं नाही, त्याचं कारण तुम्हीच लिहिलंय.

तो वास. थॅलेटला वास जवळजवळ नसतोच, रंगही नसतो. ते वास घेऊन किंवा चाखून कळत नाही. तुम्हाला आला तो वास बहुधा खवटपणाचा. नेहमीच्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल 70 टक्क्यांच्या वर असतं. हृदयाला चांगलं म्हणून डॉक्टर सांगतात ते हेच, आणि ऊन, उजेड, हवा लागली की लवकर बिघडतं तेही हेच. पारदर्शक जार, पत्र्याखाली तापलेला, मग दुसरं काय होणार? पांढऱ्या कॅनमधलं थोडं तेल वाटीत घेऊन तळहातावर चोळा आणि वास घ्या. करडईचा नेहमीचा वास आला तर ठीक. जुन्या शेंगदाण्यासारखा, घशाला खवखवणारा आला तर तेही खाऊ नका, आणि त्याचा दोष प्लास्टिकला देऊ नका.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, पांढऱ्या कॅनमधलं तेल आता उकळून किंवा गाळून घेऊ. त्यानं काही होणार नाही. नळीतून जे आलं असेल ते फडक्यानं गाळून जात नाही आणि कढईत तापवून उडतही नाही. तेल मात्र तापवल्यानं बिघडेल. आहे तसं ते स्टीलच्या पिंपात काढून घ्या. माप स्टीलचं, नरसाळंही स्टीलचं. पितळेचं किंवा तांब्याचं भांडं माळ्यावर असेल तर ते खाली काढू नका, तांब्याच्या संगतीनं तेल फार लवकर खवटतं. पिंप घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या खोलीत ठेवा. जुनं माळवदाचं घर अजून उभं असेल तर त्याच्यासारखी जागा नाही.

तपासणीचं विचारलंत. होते, पण नेहमीच्या तेल तपासणीत ती नसते. तिथं आम्लता, आयोडीन मूल्य, आर्जिमोनची, म्हणजे पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची, भेसळ असलं बघतात. थॅलेट शोधायला वेगळं महाग यंत्र लागतं, म्हणून एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला आधी फोन करून “तेलातल्या थॅलेटची तपासणी करता का” असं नेमकं विचारावं लागतं. नमुना काचेच्या बाटलीत, झाकणाखाली अॅल्युमिनियमची फॉइल लावून न्यायचा. प्लास्टिकच्या बाटलीत नेलात तर बाटलीचंच रसायन अहवालात यायचं. माझं ऐकाल तर हा खर्च करू नका. एका कॅनच्या अहवालावरून पुढच्या वर्षीच्या तेलाबद्दल काही कळत नाही. त्याच पैशात चांगलं स्टीलचं पिंप येईल. चार-पाच गावांनी किंवा बचत गटानं मिळून घाण्याचं तेल तपासून घेतलं तर गोष्ट वेगळी, मग घाणेवालाही ऐकेल.

पाकिटातल्या तेलाबद्दल तुमचा टोमणा बरोबर आहे. पाकीट प्लास्टिकचंच असतं. पण त्याचं प्लास्टिक बहुधा पॉलिथिनचं असतं आणि ते मऊ करायला थॅलेट घालत नाहीत, म्हणून पाकीट ही मोठी काळजी नव्हे. काळजी त्याच्या आधीच्या प्रवासाची. आपला देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. ते बोटीतून टँकरमध्ये, टँकरमधून टाकीत, दर ठिकाणी पंप आणि नळ्या. रिफायनरीत शेवटी दोनशे अंशांच्या वर तापवून निर्वात जागेत वाफ सोडतात, त्यात थॅलेटचा काही भाग निघून जातो, सगळाच जातो असं नाही. म्हणजे सुनबाईनं तेल बदललं, तरी ती शून्यावर आली असं होत नाही. तिची निवड चुकीची म्हणणार नाही. पण दोन कढयांची गरज आहे का? मला तरी वाटत नाही.

पुढच्या वर्षीचं आत्ताच ठरवा. सगळी करडई एकदम घाण्यावर नेऊ नका. चांगली वाळवलेली करडई पोत्यात टिकते, तिच्या टरफलाइतकं चांगलं भांडं तेलाला मिळणार नाही. दीड-दोन महिन्याला लागेल एवढीच न्या. जाताना स्वतःचं स्टीलचं पिंप न्या आणि नळी लावू देऊ नका. तेल निवळून टाकीत बसलं की वरून स्टीलच्या मापानं भरून द्या म्हणायचं. पाच मिनिटं जास्त जातील. घाणेवाल्याला नळी लागतच असेल तर खाद्यपदार्थांसाठीची सिलिकॉनची नळी मिळते, महाग असते, पण गिऱ्हाईक मागायला लागलं की तो आणेल. मुलाला पाठवा हे काम करायला. ओतून टाक म्हणणं सोपं आहे, पिंप घेऊन लातूरला जाऊन नळी नको म्हणून सांगणं जरा अवघड. बाळाचा बाप होणार आहे, तेवढं करू दे.

सुनबाईशी बोलताना “ताईनं सांगितलं, तेल चांगलंय” असं सांगून मोकळ्या होऊ नका, ती ऐकणार नाही आणि ऐकूही नये. पांढऱ्या कॅनमधलं तेल तिच्यासमोर पिंपात काढा. जार तिच्याच हातानं मागच्या खोलीतून हलवायला नको, वजन उचलायचं नाही तिनं, पण तिच्यासमोर हलवा. तिला ते दिसलं पाहिजे. डॉक्टरांकडे तपासणीला गेली की हा विषय काढायला हरकत नाही, त्यासाठी वेगळी रक्त तपासणी मात्र करून घ्यायला नको.

कढईतलं उरलेलं गरम तेल प्लास्टिकच्या डब्यात ओतायची सवय घरात कुणाला असेल तर ती मोडा. गरम पुऱ्या, भजी प्लास्टिकच्या पिशवीत भरणंही त्यातलंच. इथं तेलही आहे आणि उष्णताही.

लोणच्याचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. मे महिन्यात घातलंच असेल. वर्षभर तेलात, मिठात, कैरीच्या आंबटात मुरत बसणारा पदार्थ तो. प्लास्टिकच्या बरणीत असेल तर या आठवड्यात चिनी मातीच्या बरणीत काढा. बरणी आदल्या दिवशी धुऊन उन्हात कडकडीत वाळवा, आणि वर तेल कमी पडलं तर पांढऱ्या कॅनमधलंच घाला.